जुना आय५-२५००के ४.४ गिगाहर्ट्झवर कसा न्यायचा: ब्रशपासून बायोसपर्यंत सगळं

माझा डेस्कटॉप २०१२ मधला आहे, आत इंटेलचा आय५-२५००के आणि झेड६८ चा बोर्ड, आणि तो अजून रोज चालतो. व्हिडिओ कापायला, घरातल्या पोरांच्या अभ्यासाला, जुने गेम खेळायला पुरतो. हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांच्याकडे हेच किंवा याच्या आसपासचं मशीन आहे, नवीन घ्यायचं बजेट आत्ता नाही आणि आहे त्यातून जेवढं निघेल तेवढं नीट, न जाळता, काढायचंय.

आधी एक स्पष्ट सांगतो. मशीन अजून हार्डडिस्कवर चालत असेल किंवा रॅम ४ जीबी असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, विचार नंतर, पहिले पैसे एसएसडी आणि रॅमला घाला, त्याने जो फरक पडतो तो प्रोसेसर कितीही ताणला तरी पडणार नाही. आणि या प्रोसेसरला चार कोअर चारच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, एव्हीएक्स२ (काही नव्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या सूचना) नाही, त्यामुळे ज्या नवीन गेमला आठ थ्रेड लागतात तो ४.५ वर पण अडखळणारच. हे माहीत असेल तर पुढे चला, कारण जिथे एकेका कोअरचा वेग लागतो तिथे फरक खरंच जाणवतो. माझ्याकडे एक ठरलेला व्हिडिओ आहे तो दरवेळी एन्कोड करून बघतो, मूळ सेटिंगवर पावणेतेरा मिनिटं लागायची, आता दहा लागतात.

तुमच्या मशीनवर होतं का ते आधी बघा

इथे खूप लोक फसतात. नावाच्या शेवटी "के" हवा, २५००के, २६००के, ३५७०के, ३७७०के असा. के असेल तरच मल्टिप्लायर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा (४४ म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झ), मोकळा असतो. साधा आय५-२४०० किंवा २५०० असेल तर चांगल्या बोर्डावर टर्बोच्या (लोडवर आपोआप वाढणाऱ्या वेगाच्या) वर चार पायऱ्या मिळतात, बस.

दुसरं म्हणजे चिपसेट, बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप. सीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, मेनबोर्डच्या टॅबमधे बघा, पी६७, झेड६८, झेड७५ किंवा झेड७७ असेल तर काम होतं. एच६१, एच६७, बी७५, क्यू६७ वर के प्रोसेसर टाकला तरी मल्टिप्लायर हलत नाही. आपल्याकडे ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात ना, ते बहुतेक क्यू सिरीजचे असतात, बायोस (मशीन चालू होतानाची बोर्डची मूळ सेटिंग) कुलूपबंद, बऱ्याचदा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पण त्यांच्याच आकाराचा, त्यात के चिप घालून काही हाती लागत नाही. त्या मशीनला तसंच राहू द्या.

जुना बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या रिपेअरवाल्याकडे शोधत असाल आणि पी६७ चा मिळाला तर त्याच्यावर "बी३" लिहिलंय का विचारा. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतः जाहीर केलं होतं की या चिपसेटच्या पहिल्या बॅचमधे साटाच्या (डिस्क जोडायच्या) ३ गिगाबिटवाल्या पोर्टात दोष आहे, ते हळूहळू खराब होत जातात, मग बी३ नावाची दुरुस्त आवृत्ती आली. जुना बी२ बोर्डच गळ्यात पडला तर डिस्क ६ गिगाबिटच्या दोन पोर्टांवर लावा, त्यांना तो त्रास नाही.

ही सॅन्डी ब्रिजची चिप, जानेवारी २०११ मधे आली, ३२ नॅनोमीटर, आणि एवढी वर जाते त्याचं एक मोठं कारण तिचं धातूचं झाकण आतल्या सिलिकॉनला सोल्डर केलेलं आहे, उष्णता पटकन बाहेर येते. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमधे, म्हणजे ३५७०के मधे, तिथे पेस्ट भरली, म्हणून ती चिप त्याच व्होल्टेजला जास्त तापते. तुमच्याकडे आयव्ही असेल तर इथले व्होल्टेजचे आकडे थोडे खालीच धरा आणि तापमानावर जास्त लक्ष ठेवा.

साफसफाई, जी कोणी करत नाही

बारा-चौदा वर्षांच्या मशीनला आधी ओव्हरक्लॉक नाही, आंघोळ लागते. कॅबिनेट उघडा, पॉवरची वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. मऊ रंगाचा ब्रश आणि हातातला ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरतो आणि बेअरिंग जातं. कूलरच्या पट्ट्यांमधे धुळीची अख्खी गादी बसलेली असते, वरून दिसत नाही कारण वर पंखा असतो, पंखा काढल्यावर समजतं.

मग कूलर काढायचा. पेस्ट वाळून दगड झालेली असते म्हणून आधी मशीन दहा मिनिटं एखाद्या कामावर चालवून गरम करा, बंद करा, वायर काढा आणि लगेच कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा. इंटेलचा मूळ कूलर असेल तर चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला आहे, त्या बाणाच्या दिशेने पाव वळसा दिला की पिन सुटते. जुन्या प्लास्टिकच्या पिना कडक झालेल्या असतात, जोर लावू नका, तुटतात. परत बसवताना पिन उलट फिरवून जागेवर आणायची आणि समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबायच्या, "टक्" आवाज आला पाहिजे, नंतर बोर्डच्या मागच्या बाजूने चारही काळ्या टोकांचे पाय बाहेर आलेत का टॉर्च मारून बघायचे. एक जरी अर्धवट बसली तर तो कोपरा उचललेला राहतो आणि तापमान दहा-पंधरा अंशांनी फसवतं.

खरं तर मूळ कूलरवर ४.० च्या वर जाऊच नका. चार हीटपाइपचा टॉवर कूलर घ्या, एलजीए ११५५ ला (या प्रोसेसरच्या सॉकेटला) ११५१ आणि १२०० चे क्लॅम्प बसतात त्यामुळे आजही सहज मिळतो. फक्त कॅबिनेटची रुंदी मोजा, हे टॉवर साधारण १६ सेंटिमीटर उंच असतात आणि आपल्याकडची जुनी अरुंद कॅबिनेट त्यावर बंदच होत नाहीत.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा, झाकणावरची अक्षरं चकचकीत दिसेपर्यंत. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध, बोटाने पसरवायची नाही, कूलरचा दाब ती पसरवतो.

एसएमपीएस, अर्थिंग आणि तो छोटा सेल

हा भाग मी जास्त लिहितोय कारण इंटरनेटवरचे बाहेरचे गाइड हे सांगतच नाहीत, त्यांच्याकडे हे प्रश्न नसतात.

कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल, ज्याच्यावर ४५० वॅट लिहिलंय आणि उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो, तर त्याच्यावर ओव्हरक्लॉकिंग करू नका. बोर्डावर प्रोसेसरजवळ ८ पिनचं कनेक्टर असतं, त्यात ४ पिनचीच वायर लावलेली असेल तर तेही बघा. चांगला ८० प्लस वाला एसएमपीएस घ्या, तो पुढच्या मशीनलाही चालेल. घरात अर्थिंग नीट आहे का इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नाहीये. आणि यूपीएस पाहिजे, कारण टेस्ट रात्रभर चालते आणि मधे लाइट गेली तर मशीन क्रॅश झालं का लाइट गेली हे सकाळी कळत नाही.

आता सेल. मला यात एक आठवडा गेला म्हणून सांगतो. सेटिंग छान लागलं होतं, रात्री सगळं चालायचं, सकाळी मशीन लावलं की परत ३.३ वर, बायोस सगळं विसरलेला. मला वाटलं सेटिंग अस्थिर आहे म्हणून बोर्ड स्वतःच रीसेट करतोय, मी रोज व्होल्टेज वाढवत बसलो, दोन दिवस तर उगाच जास्त व्होल्टेजवर चालवलं. नंतर लक्षात आलं की आपण रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतो, मग बोर्डला बाहेरून काहीच मिळत नाही आणि बायोसची आठवण त्या गोल सीआर२०३२ सेलवर राहते. मल्टीमीटरने मोजला, तीन व्होल्टच्या जागी २.६ दाखवत होता. पन्नास रुपयांच्या आतला सेल बदलला, प्रश्न संपला. तुम्ही हात घालताय तर आजच बदला.

बायोसमधे शिरायच्या आधी

डेटाचा बॅकअप घ्या, हे अगदी मनापासून सांगतोय, अस्थिर मशीन फाइल चालू असताना बंद पडलं तर विंडोज खराब होऊ शकते. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून एकदा पूर्ण चालवा. रॅममधे आधीपासून दोष असेल तर पुढचे चार दिवस तुम्ही प्रोसेसरला दोष देत बसाल.

मूळ सेटिंगवर एचडब्ल्यूइन्फो६४ लावून तापमान लिहून ठेवा, खोलीचं पण. हे दोन्ही आकडे लागणार आहेत. एक वही घ्या, फोनमधे नको, वहीच, कारण मशीन हँग झाल्यावर शेवटचं काय केलं ते तिच्यातच सापडतं.

सेटिंग

बायोसमधे आधी लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट करा, म्हणजे मागचं कोणी काही केलं असेल ते जाईल. त्यानंतर हे:

बीसीएलके (मूळ क्लॉक) १०० वर ठेवा आणि तिथेच सोडा. या पिढीत तोच क्लॉक पीसीआय एक्स्प्रेस आणि साटालाही जातो, १०३-१०५ च्या पुढे गेलं की डिस्कचा डेटा बिघडायची भीती. जुन्या कोअर टू ड्युओच्या काळात एफएसबी (तेव्हाचा मूळ क्लॉक) वाढवून ओव्हरक्लॉक करायचो ती सवय इथे चालत नाही.

रॅम सध्या १३३३ वर, १.५ व्होल्ट. नंतर १६०० करता येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

टर्बो चालू ठेवा. २५००के चा बेस ३.३ आहे पण चारही कोअर चालू असताना ३.४ आणि एकच कोअर असेल तर ३.७ पर्यंत जातो, आपण जो आकडा बदलतो तो हाच टर्बोचा रेशो, म्हणजे मल्टिप्लायर, असतो. तो "ऑल कोअर" वर करून ४० टाका. टर्बो पॉवर लिमिट ९५ वॅटला अडकलेली असेल तर २०० करा, नाहीतर लोड आल्यावर वेग आपोआप खाली येतो आणि लोकांना कळत नाही का.

व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका. रेशो वाढवला की बोर्ड घाबरून गरजेपेक्षा कितीतरी जास्त देतो. सुरुवातीला मॅन्युअल, १.२५.

लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर. प्रोसेसरवर लोड आला की व्होल्टेज जरा खाली बसतं, ते किती सावरायचं हे यातून ठरतं. एकदम कडक ठेवलं तर लोड सुटताना क्षणभर व्होल्टेज वर उसळतं आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरमधे दिसत नाही. काही बोर्डांत लेव्हल १ म्हणजे सगळ्यात कडक, काहींत बरोबर उलट, म्हणून नावावर जाऊ नका, लोड देऊन सीपीयू-झेडमधे आकडा बघा. बायोसमधे लिहिलेल्यापेक्षा थोडा खाली बसला तर ठीक, वर गेला तर एक पायरी कमी करा.

इंटर्नल पीएलएल ओव्हरव्होल्टेज बंद, ते ४.५ च्या पुढे लागतं. बाकी व्हीसीसीआयओ, पीएलएल वगैरे जे आहे त्याला हात लावू नका. स्प्रेड स्पेक्ट्रम बंद. सेव्ह करून बाहेर.

एकेक पायरी

विंडोज सुरू झाली तर प्राइम९५ या प्रोसेसरला पूर्ण ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरचं स्मॉल एफएफटी दहा मिनिटं, बाजूला एचडब्ल्यूइन्फो उघडं. चाललं तर रेशो एकने वाढवायचा, परत दहा मिनिटं. क्रॅश झालं किंवा प्राइमचा एखादा वर्कर थांबला तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवायचं, परत तेच. हे कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही, आणि दुसऱ्याचा आकडा घेऊन स्वतःच्या बायोसमधे टाकणं तर अजिबात नको, एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात.

माझ्या वहीतलं हे, लोडवर सीपीयू-झेडमधे दिसलेलं व्होल्टेज: ४० ला १.२००, ४२ ला १.२३२, ४३ ला १.२५६, ४४ ला १.२८८, आणि ४५ ला १.३४४.

आता हे नीट बघा. ४० ते ४४ व्होल्टेज हळूहळू चढतंय आणि ४५ ला एकदम उडी. प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. ४४ वरून ४५ ला वेग मिळाला सव्वादोन टक्के आणि उष्णता वाढली अकरा टक्के. हीच ती जागा जिथे थांबायचं. प्रत्येक चिपला अशी एक उडी असते, तुमच्या चिपला ती ४३ ला असेल किंवा ४६ ला, ती वहीतच दिसते, आणि तिच्या अलीकडचा आकडा तो तुमचा. माझ्या मते जुन्या मशीनच्या ओव्हरक्लॉकिंगमधे एवढीच एक गोष्ट कळली पाहिजे, ४.५ किंवा ५.० असा गोल आकडा गाठायच्या नादात लोक चिप मारतात.

वरची हद्द मी रोजच्या वापराला १.३५ व्होल्ट धरतो. तापमान टेस्टमधे ८० च्या आत. ही चिप ९८ ला स्वतःला आवरते, पण तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही. आणि वय लक्षात घ्या. २०१४ मधे माझ्या चिपला ४४ साठी १.२७२ पुरायचं, आता १.२८८ लागतं, चिप झिजली असेल किंवा बोर्डाचे कपॅसिटर थकले असतील. बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाला) बोट लावून बघा, हीटसिंकवर बोट तीन सेकंद पण टिकत नसेल तर तिकडे एखादा पंखा वळवा.

खरी टेस्ट

दहा मिनिटांची टेस्ट ही फक्त वाट दाखवते. आकडा ठरला की स्मॉल एफएफटी एक तास, तो तापमानासाठी. मग प्राइमचं ब्लेंड रात्रभर, सहा-आठ तास, त्यात रॅम पण येते. प्राइमच्या नवीन आवृत्त्या एव्हीएक्स वापरतात म्हणून रोजच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त तापवतात, तिथे ७८ दिसलं म्हणून घाबरायचं नाही, गेममधे खूप कमी असतं.

रात्र पार पडली तरी आठवडाभर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (चुकांची नोंदवही) बघत रहा. सिस्टीमच्या लॉगमधे व्हिया-लॉगर नावाची पिवळी वॉर्निंग, इव्हेंट १९, दिसली तर समजा की चूक झाली होती पण प्रोसेसरने सावरून घेतली. मशीन बंद पडलेलं नाही म्हणून लोक हे सोडून देतात. सोडू नका, ०.०१ वाढवा.

निळी स्क्रीन आली तर कोड लिहून घ्या. शेवटी १२४ किंवा १०१ असेल तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतंय. १ए आला तर रॅमकडे बघा.

चालूच झालं नाही तर

घाबरू नका. बरेच बोर्ड दोन-तीनदा चालू-बंद होऊन स्वतः मूळ सेटिंगवर येतात, त्यांना तेवढा वेळ द्या. नाही आलं तर भिंतीतून वायर काढा, पॉवर बटण दाबून धरा, बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा जंपर पाच-दहा सेकंद जोडा, किंवा सेल काढून दहा मिनिटं ठेवा. फक्त रेशो जास्त झाल्याने चिप जळत नाही, ती चालू होत नाही एवढंच. जाळतं ते व्होल्टेज, म्हणून व्होल्टेजचा आकडा टाइप केल्यावर एंटर मारायच्या आधी दशांशचिन्ह दोनदा बघा.

मॅन्युअलवरून ऑफसेटवर

मॅन्युअलमधे मशीन रिकामं बसलेलं असतानाही पूर्ण व्होल्टेज राहतं. सगळं स्थिर झालं की व्होल्टेज ऑफसेट मोडवर (चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजात ठरावीक भर किंवा घट) न्या, सी१ई आणि स्पीडस्टेप चालू ठेवा, मग रिकाम्या वेळी प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेजही खाली येतं. ऑफसेट +०.००५ पासून सुरू करा आणि लोडवर वहीतला जुना आकडा येईपर्यंत हलवा. इथे एक गंमत आहे, ऑफसेट उणे ठेवावा लागला तर मशीन लोडवर मस्त चालतं आणि नुसतं यूट्यूब चालू असताना किंवा काहीच करत नसताना गोठतं, कारण खालच्या वेगालाही तेवढंच व्होल्टेज कमी मिळतं. असं झालं तर ऑफसेट थोडा वाढवा आणि लोड लाइन एक पायरी सैल करा.

आणि आता उन्हाळा

डिसेंबरमधे रात्री टेस्ट केली, खोली २२ अंश, प्रोसेसर ६६. छान वाटतं. पण कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा किती वर ठेवतो हे साधारण ठरलेलं असतं, इथे ४४ अंश. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी बंद खोलीत ४० असतं, म्हणजे तोच प्रोसेसर त्याच सेटिंगवर ८४. म्हणून थंडीत टेस्ट करत असाल तर वहीतल्या फरकात तुमच्या खोलीचं मे मधलं तापमान मिळवून मगच ठरवा. पाण्याचा कूलर थेट उघड्या कॅबिनेटवर मारू नका, दमट हवा आणि बारीक तुषार आत जातात.

बायोसमधे प्रोफाइल सेव्ह करायची सोय असते. मी दोन ठेवलीत, एक ४४ चं आणि एक ४२ चं, १.२३२ वालं. होळी झाली की ४२ चं लावतो, पाऊस नीट सुरू झाला की परत ४४. दोन्हीच्या बायोस पानांचे फोटो फोनवर काढून ठेवलेत, कारण बायोस अपडेट केला की प्रोफाइल पुसली जातात.